अग्निसूचक यंत्रणा, स्थाननिर्देशक

इमारतीत लागलेली आग धूर, उष्णता वा ज्वाला यांवरून आपोआप ओळखून धोक्याची सूचना देणाऱ्या व ती सूचना नेमक्या कोणत्या ठिकाणाहून आली हेही सांगणाऱ्या यंत्रणेस स्थाननिर्देशक अग्निसूचक यंत्रणा म्हणतात. व्यवहारात ती ‘ॲड्रेसेबल’ या नावाने ओळखली जाते. हिच्यातील प्रत्येक अभिज्ञातकाला (आग ओळखणाऱ्या साधनाला) स्वतःचा क्रमांक म्हणजे पत्ता असतो आणि हे सर्व क्रमांक नियंत्रण फलकाच्या स्मृतीत नोंदलेले असतात. मोठी रुग्णालये, उपाहारगृहे, कार्यालये व उंच इमारती यांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हीच यंत्रणा प्रामुख्याने बसविण्यात येऊ लागली.

आग लागली आहे एवढेच कळून भागत नाही. ती कोठे लागली आहे हे कळल्याखेरीज कोणालाही काही करता येत नाही. पहिल्या काही मिनिटांत एका हाती अग्निशामकाने विझू शकणारी आग, शोधात तेवढाच वेळ गेल्यास, दलाच्या अनेक बंबांनाही आवरत नाही. त्यामुळे अग्निसूचनेच्या इतिहासात ‘आहे की नाही’ या प्रश्नाइतकाच ‘कोठे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. विशेष म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर प्रथम मिळाले ते शहराच्या रस्त्यांवर. इमारतीच्या आत ते मिळण्यास त्यानंतर सव्वाशे वर्षे लागली.

शहरांतील आरंभीच्या पद्धती : विजेच्या वापरापूर्वी उंच मनोऱ्यावर बसलेला पहारेकरी धूर वा ज्वाला दिसताच घंटा वाजवीत असे. घंटेने गाव जागे होई, परंतु धावायचे कोणत्या दिशेला हे तिच्यावरून कळत नसे. म्हणून काही शहरांत आगीच्या दिशेला दिवसा निशाण व रात्री कंदील लावण्याची पद्धत पडली. घंटेच्या टोल्यांची संख्या ठरवून शहराचा भाग सूचित करण्याचे प्रयत्नही झाले.

सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्राचे वॉशिंग्टन ते बॉल्टिमोर हे प्रात्यक्षिक १८४४ मध्ये झाले. त्यानंतर वर्षभरातच बॉस्टन येथील विल्यम फ्रान्सिस चॅनिंग यांनी हेच तंत्र अग्निसूचनेसाठी वापरण्याची कल्पना वृत्तपत्रातून मांडली. चॅनिंग हे शिक्षणाने वैद्यक. शरीरातील मज्जातंतू बोटाची वेदना मेंदूकडे व मेंदूची आज्ञा स्नायूकडे नेतात, तशी शहराला तारांची मज्जासंस्था असावी, असे त्यांचे म्हणणे होते. मोझेस फार्मर या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी उभारलेली यंत्रणा एप्रिल १८५२ मध्ये बॉस्टन शहरात कार्यान्वित झाली. विजेवर चालणारी ही पहिली नागरी अग्निसूचक यंत्रणा समजली जाते.

या यंत्रणेत रस्तोरस्ती लोखंडी पेट्या बसविलेल्या होत्या. पेटीतील दांडा फिरविला म्हणजे आतील दातेरी चाक विद्युत् मंडल ठराविक क्रमाने जोडी व तोडी आणि त्या पेटीचा क्रमांक मध्यवर्ती कार्यालयात उमटे. चाकावरील दात्यांची रचना हाच त्या पेटीचा पत्ता होय. अनेक पेट्या एकाच तारेवर असूनही हाक कोणाची हे निःसंदिग्धपणे कळे. पुढे विद्युत्‌शास्त्राची भाषा पार बदलली, तरी स्थाननिर्देशक यंत्रणेचे तत्त्व या चाकात पूर्णपणे आलेले आहे. आरंभीच्या पेट्यांत दांडा हाताने फिरवावा लागे व घाबरलेल्या माणसाने तो वेडावाकडा फिरविल्यास संदेश वाचता येत नसे. म्हणून पुढील पेट्यांत स्प्रिंगवर चालणारी घड्याळासारखी यंत्ररचना आली. माणसाने कळ ओढायची व क्रमांक यंत्राने स्वतःच्या गतीने पाठवायचा, अशी ही विभागणी होती.

चॅनिंग यांनी १८५५ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत या विषयावर व्याख्यान दिले. ते ऐकणाऱ्यांत साउथ कॅरोलायना राज्यातील कॅमडेन येथील टपाल अधिकारी जॉन गेमवेल हे होते. त्यांनी पेटंटाचे हक्क टप्प्याटप्प्याने विकत घेतले व या पेट्यांचा प्रसार केला. १८९० पर्यंत सुमारे ५०० शहरांत गेमवेल यांच्या यंत्रणा बसल्या होत्या.

क्रमांकाचा पत्ता अचूक असला, तरी तो पाठविला जाईलच असे नव्हते. खोट्या सूचनांचा उपद्रव टाळण्यासाठी बॉस्टनमधील पेट्या कुलूपबंद ठेवीत व किल्ल्या पोलीस आणि काही विश्वासू नागरिक यांच्याकडे असत. ९ नोव्हेंबर १८७२ च्या सायंकाळी शहराच्या व्यापारी भागात लागलेली आग रस्त्यावरच्या लोकांना दिसत होती, पण ५२ क्रमांकाची पेटी वाजण्यास विलंब झाला. घोड्यांच्या साथीमुळे बंब माणसांना ओढावे लागले, याचीही त्यात भर पडली. या आगीत ७७६ इमारती नष्ट झाल्या. खोट्या सूचनेची भीती खऱ्या सूचनेच्या आड येते, हा अनुभव या इतिहासात वारंवार आढळतो आणि तो पुढील काळातील यंत्रणांनाही चुकलेला नाही.

इमारतीतील उष्णता-अभिज्ञातक : रस्त्यावरील पेटीला माणूस लागतो. बंद गोदामात मध्यरात्री लागलेल्या आगीची सूचना यंत्रानेच दिली पाहिजे, या गरजेतून स्वयंचलित अभिज्ञातक निर्माण झाले. मेन्लो पार्क येथे टॉमस एडिसन यांच्याबरोबर काम केलेले गणितज्ञ फ्रान्सिस अप्टन यांनी फर्नांडो डिबल यांच्यासमवेत १८९० मध्ये विजेवर चालणाऱ्या अग्निसूचकाचे अमेरिकी पेटंट मिळविले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील जॉर्ज अँड्रू डार्बी यांनी १९०२ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या सूचकाचे पेटंट घेतले. ठराविक तापमानास वितळणारी मिश्रधातू, किंवा तापल्यावर वाकणारी दोन धातूंची जोडपट्टी यांच्या साहाय्याने मंडल जोडणे वा तोडणे, हे अशा साधनांमागील तत्त्व होय. ही साधने स्वस्त व टिकाऊ असल्याने स्वयंपाकघरे, बाष्पित्रगृहे अशा नेहमीच धूर वा वाफ असणाऱ्या जागी त्यांचे स्थान कायम राहिले. मात्र छताजवळची हवा पुरेशी तापेपर्यंत आग बरीच वाढलेली असते.

विभागवार यंत्रणा : प्रत्येक अभिज्ञातकापासून फलकापर्यंत वेगळी तार नेणे खर्चाचे असल्याने अनेक अभिज्ञातक एकाच दोनतारी मंडलावर बसविण्याची पद्धत रूढ झाली. अशा मंडलास विभाग म्हणतात. मंडलाच्या शेवटी एक रोधक बसवितात. त्यातून वाहणारा अल्प प्रवाह तारा शाबूत असल्याची खूण असतो. कोणताही अभिज्ञातक आग ओळखताच स्वतःमधून बराच अधिक प्रवाह जाऊ देतो. प्रवाह वाढला म्हणजे आग, बंद पडला म्हणजे तार तुटली, एवढे फलकाला समजते. परंतु विभागातील वीस अभिज्ञातकांपैकी प्रवाह कोणी वाढविला, हे समजण्याचा काहीच मार्ग या रचनेत नाही. फलकावर एक तांबडा दिवा लागतो व त्याखाली ‘तिसरा मजला, पूर्व’ असे लिहिलेले असते.

रस्त्यावरील पेटीने जे साध्य केले होते ते इमारतीत शिरताना असे गमावले गेले. त्याची भरपाई तार्किक शोधाच्या नियमांनी करण्यात आली. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ अनुसार अशा विभागाचे क्षेत्र २,००० चौ. मी.पेक्षा अधिक असू नये आणि विभागात शिरल्यापासून आग डोळ्यांनी दिसेपर्यंत चालावे लागणारे अंतर ६० मी.पेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. हे अंतर सपाट मोजपट्टीचे आहे. धुराने भरलेला मार्ग, दोन्ही बाजूंना बंद दारे व हाती किल्ल्यांचा जुडगा असता तेच अंतर किती लांबते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उपाहारगृहांच्या मार्गिकेत प्रत्येक खोलीच्या दारावर दिसणारा छोटा तांबडा दिवा याच अडचणीवरील उपाय होय. आतील अभिज्ञातकाशी तो जोडलेला असून दार न उघडता खोली ओळखण्यास त्याची मदत होते. विभागवार यंत्रणा लहान इमारतींत पुढेही वापरात राहिली व तेथे ती पुरेशी ठरते.

धूर-अभिज्ञातक : १९३०–४० या दशकाच्या अखेरीस स्विस भौतिकीविज्ञ वॉल्टर येगर हे विषारी वायू ओळखणारे साधन बनविण्याच्या प्रयत्नात होते. आयनीभूत (विद्युत् भारित झालेल्या) हवेतून जाणारा प्रवाह वायूमुळे बदलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्यांनी सिगारेट पेटविली, तेव्हा मात्र मापकाचा काटा खाली आल्याचे त्यांना दिसले. धुराचे कण जे करीत होते ते वायूने केले नव्हते. त्यांचेच देशबांधव अर्न्स्ट मायली यांनी हे अत्यंत क्षीण प्रवाहबदल उपयोगात आणण्यासाठी शीत ऋणाग्राची नलिका वापरली आणि १९४१ मध्ये स्थापन झालेल्या सेर्बेरस या स्विस कंपनीने अशा अभिज्ञातकांचे उत्पादन सुरू केले.

या अभिज्ञातकातील कोठडीत किरणोत्सर्गी पदार्थाचा सूक्ष्म अंश असतो. पुढील काळात त्यासाठी अमेरिसियम (२४१) हा सुमारे ४३२ वर्षे अर्धायुष्य असलेला समस्थानिक सर्वत्र वापरात आला. घरगुती साधनात त्याचे प्रमाण एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. त्यातून निघणारे आल्फा कण हवेचे आयन बनवितात व कोठडीतून अल्प प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण शिरले म्हणजे आयन त्यांना चिकटून मंदावतात आणि प्रवाह घटतो. भडकणाऱ्या आगीतील अतिसूक्ष्म कण या पद्धतीने लवकर ओळखता येतात. धुमसणाऱ्या गादीतील वा तारांवरील आवरणातील मोठे कण ओळखण्यास प्रकाशीय पद्धत अधिक चांगली. तीत अंधाऱ्या कोठडीतील प्रकाशशलाका प्रकाशविद्युत् घटावर सरळ पडत नाही. धुराने प्रकाशाचे प्रकीर्णन झाले तरच ती घटापर्यंत पोहोचते. किरणोत्सर्गी पदार्थांच्या विल्हेवाटीचा प्रश्न व प्रकाशीय घटकांची घसरलेली किंमत यांमुळे पुढे इमारतींच्या यंत्रणांत प्रकाशीय पद्धतच प्रमुख झाली.

धूर-अभिज्ञातकांनी आग लवकर ओळखली जाऊ लागली, पण त्याचबरोबर धूळ, वाफ, कीटक, उदबत्तीचा व फोडणीचा धूर यांनाही ते दाद देऊ लागले. मोठ्या इमारतीत शेकडो अभिज्ञातक असता रोज एखादा तरी नाहक वाजे आणि विभागवार यंत्रणेत तो कोणता हे शोधण्यासाठी मजला पालथा घालावा लागे. दोन-चार वेळा असे झाले की कर्मचारी आधी भोंगा बंद करीत, मग वर जाऊन पाहत व पुढे पुढे पाहण्यासही जाईनासे होत. बॉस्टनच्या पेट्यांना लावलेले कुलूप येथे माणसाच्या मनात लागले.

लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड या उपाहारगृहात २१ नोव्हेंबर १९८० रोजी सकाळी लागलेल्या आगीत ८५ जण मृत्युमुखी पडले. आग तळमजल्यावरील खाद्यगृहात सुरू झाली होती. मृतांपैकी बहुसंख्य मात्र वरच्या मजल्यांवर, जिने व उद्वाहकांचे उभे मार्ग यांतून चढलेल्या धुराने गुदमरले. इमारतभर धोक्याची घंटा वाजली नव्हती. या व यासारख्या दुर्घटनांनंतर उंच इमारतींत धूर ओळखण्याची व सूचनेचे स्थान कळण्याची मागणी वाढली. नेमक्या त्याच सुमारास ती पुरी करण्याचे साधन स्वस्त झाले होते. पहिला सूक्ष्मप्रक्रियक १९७१ मध्ये बाजारात आला होता आणि दशकभरात त्याची किंमत एवढी घसरली की छतावरील प्रत्येक अभिज्ञातकात स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय मंडल घालणे परवडू लागले. १९८० नंतरच्या दशकात यूरोप व अमेरिकेतील उत्पादकांनी स्थाननिर्देशक यंत्रणा बाजारात आणल्या.

रचना व कार्यपद्धती : या यंत्रणेत वीजपुरवठा व संदेश दोन्ही एकाच दोनतारी मंडलावरून जातात. फलक तारांवरील विद्युत् दाबात काही व्होल्टची चढउतार करून स्पंदांच्या रूपात एकेक क्रमांक पुकारतो. सर्व अभिज्ञातक हाक ऐकतात. ज्याचा क्रमांक असेल तोच प्रवाहाच्या स्पंदांनी उत्तर देतो. वर्गात हजेरी घ्यावी तसे हे अखंड चालते व सर्वांची फेरी काही सेकंदांत पुरी होते. बॉस्टनच्या पेटीशी तुलना केल्यास यातील खरा फरक ध्यानात येतो. पेटी आग लागल्यावरच बोले. इतर वेळी ती सुस्थितीत आहे की मोडली आहे हे कोणास कळत नसे. येथे मात्र उत्तर न देणारा अभिज्ञातक काही क्षणांत उघडा पडतो. काच फोडून वापरावयाच्या हस्तचलित पेटीला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून तिला मध्येच बोलण्याची मुभा दिलेली असते.

पत्ता देण्याच्या पद्धती उत्पादकागणिक भिन्न आहेत. काहींत साधनाच्या पाठीवर एकक व दशक दाखविणाऱ्या दोन चकत्या असतात व त्या पेचकसाने फिरवून क्रमांक लावतात. काहींत १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी मूल्ये असलेल्या सात खटक्या असतात. ३७ हा क्रमांक हवा असेल तर ३२, ४ व १ या खटक्या लावावयाच्या. सात खटक्यांनी १२७ पर्यंतचे क्रमांक बनतात आणि एका प्रचलित ब्रिटिश पद्धतीत एका मंडलावर १२६ साधने बसविता येतात. एकच क्रमांक दोघांना दिला गेल्यास दोघेही एकदम उत्तर देतात व फलक दोष दाखवितो. एक खटकी चुकून भलताच मोकळा क्रमांक लागल्यास मात्र काही फलकांना त्यात वावगे वाटत नाही.

येथे एक बारीकशी दिसणारी पण महत्त्वाची बाब आहे. क्रमांक अभिज्ञातकावरच असेल, तर सफाईसाठी उतरविलेले दहा अभिज्ञातक परत लावताना अदलाबदल होते आणि कोणताही दोष न दाखविता यंत्रणा चुकीच्या खोलीचे नाव सांगू लागते. म्हणून काही उत्पादकांनी क्रमांकाची खूण छतावर कायम राहणाऱ्या बैठकीत ठेवली. साधन बदलले तरी पत्ता बदलत नाही. पत्ता हा यंत्राचा नसून जागेचा आहे, हे ज्यांना उमगले त्यांची रचना अधिक निर्दोष झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडलाची दोन्ही टोके फलकाला जोडून त्याचा वेढा पूर्ण केलेला असतो. त्यास लूप म्हणतात. एका जागी तार तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर मात्र सगळा लूप मुका होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ठिकठिकाणी विलगक बसवितात. दोष येताच त्याच्या दोन्ही बाजूंचे विलगक उघडतात व मधला तुकडा तेवढा बाजूला पडतो. अशा एका दोषाने ३२ हून अधिक अभिज्ञातक व सूचनापेट्या निकामी होता कामा नयेत, असे यूरोपीय मानक ईएन ५४ सांगते. खर्च वाचविण्यासाठी विलगक वगळल्यास जुन्या विभागवार यंत्रणेत एक मजला गेला असता, तेथे सगळी इमारत जाते.

पहिल्या पिढीतील स्थाननिर्देशक अभिज्ञातक आग आहे की नाही याचा निर्णय स्वतः घेत व फक्त ‘होय’ वा ‘नाही’ असे कळवीत. पुढील प्रकारात अभिज्ञातक आपल्याला जाणवलेल्या धुराचे वा उष्णतेचे मान आकड्यात कळवितो व निर्णय फलक घेतो. या प्रकारात तो खऱ्या अर्थाने संवेदक झाला. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश पद्धतीत स्वच्छ हवेत हा आकडा २५ च्या आसपास असतो, ४५ ला पूर्वसूचना मिळते व ५५ ला आग समजली जाते. धूळ साचत गेली तर आकडा महिनोन्‌महिने सावकाश चढतो, धूर आला तर काही सेकंदांत. या भेदावरून फलक साधनाची सफाई केव्हा करावी हे सांगू शकतो, तसेच शयनगृहात दिवसा व रात्री वेगवेगळी संवेदनशीलता ठेवू शकतो. नाहक सूचना कमी होण्यास स्थाननिर्देशापेक्षाही या आकडेवारीचा उपयोग अधिक झाला.

सगळीच प्रगती स्थान अधिक अचूक करणारी नव्हती. ऑस्ट्रेलियात १९७० च्या सुमारास वणव्यांच्या संशोधनासाठी वापरलेल्या धूरमापक उपकरणातून हवा शोषून घेणारी पद्धत विकसित झाली. छतालगत बारीक छिद्रे असलेल्या नळ्या टाकून त्यांतील हवा पंख्याने ओढतात व एकाच अतिसंवेदनशील कोठडीत तपासतात. संगणककक्ष, वस्तुसंग्रहालये व जुन्या वास्तू यांना ती सोयीची आहे. परंतु डझनभर छिद्रांची हवा एकत्र येत असल्याने धूर कोणत्या छिद्रातून आला हे साध्या रचनेत कळत नाही. आग फार लवकर कळते, पण पत्ता पुन्हा विभागाएवढा मोठा होतो.

पत्त्याचे वाचन : फलकाला क्रमांक पुरतो. माणसाला ठिकाणाचे नाव लागते. म्हणून प्रत्येक क्रमांकासमोर दोन ओळींचे वर्णन नोंदवितात. यंत्रणेतील हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

फिलाडेल्फिया येथील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी शनिवारी रात्री २२व्या मजल्यावर आग लागली. सूचना मिळताच इमारतीचा तंत्रज्ञ पाहणीसाठी उद्वाहकाने थेट त्याच मजल्यावर गेला. दार उघडताच उष्णता व धूर यांनी त्याला घेरले. त्याने ध्वनिक्षेपकावरून (वॉकीटॉकीवरून) हाक दिली व तळमजल्यावरील रक्षकाने उद्वाहक खाली आणला, म्हणून तो वाचला. अग्निशमन दलाला पहिली खबर दिली ती रस्त्यावरून जाणाऱ्या एका व्यक्तीने. आगीत तीन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. ती वर चढत गेली व स्वयंचलित फवारे असलेल्या ३०व्या मजल्यावर थांबली. मजल्याचा पत्ता कळूनही तो आधी खरा आहे का हे पाहण्याची सवय येथे घातक ठरली.

पॅरिस येथील नोत्र दाम या बाराव्या शतकात बांधावयास घेतलेल्या कॅथीड्रलमधील १५ एप्रिल २०१९ ची आग या संदर्भात अधिक बोधक आहे. तेथील यंत्रणेत हवा शोषणाऱ्या नळ्यांसह १६० हून अधिक अभिज्ञातक व सूचनापेट्या होत्या आणि वास्तूचे चार विभाग पाडलेले होते. सायंकाळी ६.२० च्या सुमारास सूचना आली. फलकावर विभागाचे नाव, मध्यदालनावरील माळा व वस्त्रागार यांचा एकत्र उल्लेख आणि त्यापुढे अक्षरे व आकडे मिळून झालेली लांबलचक खूण उमटली. रक्षकास वस्त्रागाराच्या लहान इमारतीच्या माळ्यावर पाठविण्यात आले. तेथे काहीच नव्हते. धूर होता तो मुख्य माळ्यावर, जेथे शेकडो वर्षांपूर्वीच्या ओक लाकडाचा सांगाडा होता. गफलत ध्यानात येऊन रक्षक सुमारे ३०० पायऱ्या चढून तेथे पोहोचेपर्यंत तो सांगाडा पेटलेला होता. सूचनेचा संदेश आपोआप दलाकडे जात नव्हता. दलाला खबर पोहोचली ती ६.५१ वाजता. पाऊण-एक तासाने मनोऱ्याचे शिखर कोसळले. चूक फलक वाचणाऱ्याची की सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, याबाबत संबंधितांत मतभेद राहिले. यंत्राने धूर ओळखला होता व आपल्या भाषेत पत्ताही दिला होता. त्या भाषेचे भाषांतर अर्ध्या तासाला पडले. पुनर्बांधणीनंतर कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडण्यात आले.

भारतातील स्थिती : स्वयंचलित अग्निसूचक यंत्रणांच्या निवडीविषयीचे व उभारणीविषयीचे आयएस २१८९ हे भारतीय मानक १९६२ मध्ये प्रथम निघाले. १९७६, १९८८, १९९९ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या (१९७०, सुधारित १९८३, २००५ व २०१६) चौथ्या भागात अग्निसुरक्षेच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अनुज्ञप्तिधारक अभिकरणाकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत घेऊन सादर करावयाचे असते.

महानगरांतील उंच इमारतींत स्थाननिर्देशक यंत्रणा बसलेली असली, तरी पत्त्याचे वाचन ही अडचण येथे दुहेरी आहे. फलकावरील वर्णने बहुधा इंग्रजीत, तीही संक्षेपाने लिहिलेली असतात आणि रात्रपाळीच्या ज्या रक्षकाने ती वाचावयाची, त्याची भाषा मराठी, हिंदी वा अन्य असते. मजल्यांची मोजणीही एकसारखी नसते. वाहनतळाचे मजले धरून केलेली यंत्रणेची मोजणी व उद्वाहकाच्या बटनांवरील आकडे यांत दोन-तीन मजल्यांचे अंतर पडलेले आढळते. कार्यालयांच्या इमारतीत भाडेकरू बदलतात, लाकडी आडभिंती हलतात, बैठकीच्या दालनाचे कोठार होते. फलकावर मात्र पहिल्या भाडेकरूच्या काळातील नावे तशीच राहतात. अंतर्गत सजावट चालू असताना धुळीसाठी अभिज्ञातकांवर चढविलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या काम संपल्यावर काढावयाच्या राहून जातात. टोपीखालचा अभिज्ञातक प्रत्येक हाकेला इमानाने उत्तर देत राहतो व हवा स्वच्छ असल्याचे कळवितो. हा दोष कोणत्याही फलकाला दिसत नाही.

बिनतारी अभिज्ञातकांमुळे जुन्या वास्तूंत भिंती न फोडता यंत्रणा बसविता येऊ लागली आहे. त्यांतही क्रमांक व ठिकाण यांची सांगड माणसालाच घालावी लागते. ती तपासण्याची रीत साधी असून वेळखाऊ आहे. एक तंत्रज्ञ लांब दांड्याच्या टोकावरील कुपीतून प्रत्येक अभिज्ञातकावर परीक्षणाचा धूर सोडतो, दुसरा फलकापाशी उभा राहून उमटलेले वर्णन मोठ्याने वाचतो आणि पहिला आपण उभे असलेल्या दाराशी ते ताडून पाहतो. चारशे अभिज्ञातकांच्या इमारतीत या कामाला काही दिवस लागतात. घाई असेल तेथे प्रत्येक मजल्यावरील एक-दोन अभिज्ञातकच तपासले जातात. अशा तपासणीने भोंगा वाजतो हे सिद्ध होते, उरलेल्या अभिज्ञातकांचे पत्ते बरोबर आहेत हे सिद्ध होत नाही.